आवळे सिस्टरचा हातठसा

अर्ज सगळा पडद्यावर बोलून भरायचा होता. फक्त शेवटचा रकाना हाताने लिहायचा होता, कारण संगणकाने लिहून दिलेले निबंध वाचून वाचून निवड समितीला म्हणे वीट आला होता. ‘नर्सिंग शिक्षिका होण्यामागील आपले व्यावसायिक ध्येय व आकांक्षा तीनशे शब्दांत लिहा.’ आता मला सांगा, सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला आकांक्षा विचारतं का कोणी? आम्हाला विचारतात ते गुडघे दुखतात का, साखर किती आहे आणि मुलीचं कुठे जमलं का. मी पेन घेऊन तासभर बसले आणि चार शब्द लिहिले. ‘मला शिकवायला फार आवडतं.’

आमचे हे, म्हणजे विल्सन, फ्लेक्स छापतात. मिरजेत कोणाचा वाढदिवस असो, निवड असो की श्रद्धांजली, मजकूर यांचाच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझा कागद बघितला.

“अगं, चार शब्दांत कुठे आकांक्षा मावते? लिही. ‘ज्ञानाची धगधगती मशाल हाती घेऊन रुग्णसेवेच्या महामार्गावर...’”

“मशाल घेऊन वॉर्डात गेले तर ऑक्सिजनचा भडका उडेल.”

“तू लिही गं! समितीला असंच लागतं.”

लिहिलं. काय करता? तीनशे शब्द भरायचे होते.

खरं सांगायचं तर माझी आकांक्षा एकाच शब्दाची होती. मला कोणीतरी ‘बाई’ म्हणावं. पंचवीस वर्षं मी ‘सिस्टर’ ऐकतेय. सिस्टर, सलाइन संपलं. सिस्टर, पंखा लागत नाही. सिस्टर, आमच्या माणसाला बघा की जरा. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो शब्द मी मिरवला आहे. पण आमच्या नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्यांना ‘मॅडम’ म्हणत नाहीत, ‘बाई’ म्हणतात, आणि ही पद्धत पाडली थोरात बाईंनी. थोरात बाई म्हणजे पांढरं पातळ, कडक इस्त्री आणि हातात शिसपेन्सिल. आम्ही पेशंटला सुई लावताना त्या बाजूला उभ्या राहायच्या आणि फक्त आमच्या हाताकडे बघायच्या. चुकलं की पेन्सिल टक्कन बोटाच्या हाडावर. भाषण नाही, काही नाही, नुसता एक शब्द. “कोपर!” “अंगठा!” “बोट!” तीन वर्षं मी त्यांच्या नावाने बोटं मोडली आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवलं की आपण व्हायचं तर हेच.

मग लग्न, पोरगी, वॉर्ड. वॉर्ड सांभाळत बीएस्सी केलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी एमएस्सी नर्सिंगची परीक्षा दिली, तेव्हा माझी पोरगी बारावीला होती. एकाच टेबलावर दोघी घोकत बसायचो, आणि आमचे हे दोघींना एकदमच ओरडायचे. पास झाले. जागा निघायची वाट बघत बसले. आणि तेवढ्यात हातठसा आला.

हातठसा म्हणजे काय ते सांगते, फार अवघड नाही. आपण बोट हलवतो तेव्हा कोपराखालचे स्नायू आवळतात आणि आवळताना त्यांच्यात अगदी बारीक वीज खेळते. छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढतात ना, तसलीच वीज, फक्त हाताची. इंजिनिअर लोकांनी एक बाही बनवली होती, कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत, पायमोज्याइतकी पातळ. ती घालून मी सलाइन लावलं की कुठला स्नायू केव्हा आणि किती आवळला, बोटाच्या टोकाने किती दाब दिला, सगळं टिपलं जायचं. हा माझा ठसा. मग तीच बाही विद्यार्थिनीच्या हातात चढवायची आणि वीज उलटी सोडायची. तिचे स्नायू माझ्यासारखे आवळायचे, तिची बोटं माझ्या बोटांसारखी चालायची. रोज तासभर, एकवीस दिवस. आपल्या डोक्यात मागच्या बाजूला एक लहान मेंदू असतो. एकदा आलेली सायकल जन्मभर विसरू देत नाही तो हाच. एकवीस दिवसांत तो सगळं पाठ करतो. मग बाही काढा, हात आपला आपण चालतो.

शिरेत सुई घालून प्लास्टिकची बारीक नळी बसवायला आम्हाला दोन वर्षं लागली होती, आणि शंभरएक पेशंटांच्या शिव्या. या पोरींना एकवीस दिवस! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चक्क जळले.

बाही बनवणाऱ्यांना जिल्ह्यातला सगळ्यात चांगला हात हवा होता आणि सगळ्यांनी माझं नाव सांगितलं. प्राचार्या गुळवणी बाईंनी मला बोलावून घेतलं. “आवळे सिस्टर, हात द्या. पहिली तुकडी बाहेर पडू दे, प्रात्यक्षिकाच्या शिक्षिकेसाठी तुमचंच नाव पुढे करते.”

“पण बाई, हात यंत्रात गेला तर माझी गरज काय उरली?”

“हजेरी घ्यायला तरी माणूस लागेलच की,” त्या हसत म्हणाल्या. मला ते काही फारसं हसण्यासारखं वाटलं नाही, पण हात दिला.

निनाद टिकेकर नावाचा इंजिनिअर होता, अदबीने वागणारा, सुई बघितली की दुसरीकडे तोंड फिरवणारा. त्याने माझ्याकडून दोनशे वेळा सलाइन लावून घेतलं. “सिस्टर, दर वेळी हात थोडा वेगळा चालतो. जे दोनशेच्या दोनशे वेळा येतं ते तुमचं कौशल्य. जे मधूनच कधीतरी येतं ती चूक. यंत्र ती गाळून टाकतं.”

“म्हणजे माझ्या चुका काढून टाकून वर मलाच शाबासकी? आमच्या ह्यांना शिकवा की हे.”

पहिली तुकडी चाळीस पोरींची. शंभरातल्या चौऱ्याण्णव सुया पहिल्याच फटक्यात शिरेत. पेशंट खूश, डॉक्टर खूश. एक म्हातारे मधुमेहाचे पेशंट वर्षातून चारदा यायचे, ते एकदा मला म्हणाले, “ती तबस्सुम तुमची कोण लागते हो सिस्टर? डोळे मिटून घेतले होते, मला वाटलं तुम्हीच आलात.” मी लाजले अक्षरशः. घरी येऊन ह्यांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तर म्हणाले, “फ्लेक्स छापू का?”

सहा महिन्यांनी आकडे यायला लागले. सलाइनची जागा लाल होते, शीर सुजते, दोरीसारखी कडक होते. कोणी दगावत नाही यात, पण ताप येतो, दुखतं, मुक्काम वाढतो. पूर्वी शंभरात चार शिरा सुजायच्या. आता नऊ. पोरी ज्या अकरा दवाखान्यांत शिकाऊ म्हणून कामाला होत्या तिथे सगळीकडे नऊ. समिती बसली. सुया तपासल्या, स्पिरिट तपासलं, सगळं ठीक. मग उरल्या पोरी. आणि सगळ्यात जास्त सलाइन लावणारी, म्हणून सगळ्यात जास्त सुजलेल्या शिरांची, तबस्सुम मुजावर. शेरा पडला, ‘हात धुण्यात हयगय.’

ती मला चादरींच्या खोलीत सापडली, गठ्ठ्यावर बसून रडत.

“सिस्टर, मी धुते हो हात. खुदा की कसम, धुते. हे बघा.” बोटांची सालं निघाली होती पोरीच्या. “एक वर्ष मागे ठेवणार म्हणतात. अब्बूंनी तंबोरे बनवणाऱ्यांच्या आख्ख्या गल्लीत सांगून ठेवलंय, मार्चमध्ये पोरगी नर्स होणार म्हणून.”

आणि मी काय म्हणाले असेन? “रडून काय होणार? कुठेतरी चुकत असशीलच ना तू. घाई करत असशील. माझ्या हातात तर कधी असं झालं नाही.” अशी मी शहाणी. ती उठली, डोळे पुसले आणि पुन्हा हात धुवायला गेली.

शनिवारी सकाळी दहा वाजता समितीसमोर प्रात्यक्षिक होतं आणि बारा वाजता त्याच समितीसमोर माझी मुलाखत. आमचे हे चर्चचा कोट घालून आले होते. “तू आत, मी बाहेर. काही विसरलीस तर दारातून सांगेन,” म्हणाले.

प्रात्यक्षिकाला सहा पोरी होत्या, तबस्सुम धरून. सहा टेबलं, सहा रबरी हात, त्यांच्यात लाल पाणी भरलेल्या शिरा. बाह्या नाहीत, पोरींचे स्वतःचे हात. समितीत गुळवणी बाई आणि परगावचे दोन जण, एक पांढऱ्या केसांचे कुलकर्णी डॉक्टर अध्यक्ष. ज्यांचा ठसा त्या म्हणून मला मानाने पुढे उभं केलं होतं. अगदी लग्नातल्या वरमाईसारखी उभी होते मी.

पोरींनी हात धुतले. हातमोजे चढवले. पट्टा आवळला, शीर चाचपली. स्पिरिटचा बोळा फिरवला, वाळायला अर्धा मिनिट थांबल्या. सगळं पुस्तकासारखं. आणि मग, सुई उचलायच्या आधी, सहाही तर्जनी एकदम खाली आल्या, त्या पुसलेल्या जागेवर हलकेच टेकल्या आणि वर गेल्या. कवायत असावी तशा.

“वा! काय एकसारखेपणा!” एक सदस्य म्हणाले.

कातडी स्पिरिटने पुसली की तिला पुन्हा बोट लावायचं नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हे. हातमोजा असला तरी ते बोट ट्रेला लागलेलं असतं, कॉटच्या दांड्याला लागलेलं असतं, पदराला लागलेलं असतं. जागा पुसायची आणि पुन्हा स्वतःच जंतू नेऊन ठेवायचे, वर तिथेच सुई घालायची. मी स्वतः वॉर्डात हजारदा सांगितलंय पोरींना. मग या सहाजणी कुठून शिकल्या हे? सहाही जणी, एकाच क्षणी?

मी तिथून सटकले आणि सरळ वॉर्डात गेले. चार नंबर कॉटला सलाइन लावायचंच होतं. मोबाइल ट्रेवर उभा करून ठेवला, चित्रण चालू केलं, आणि रोजच्यासारखं सलाइन लावलं. बोट लावू नकोस असं मनाशी म्हणत होते, बरं का. पेशंटशी बोलता बोलता विसरले. मग कोपऱ्यात जाऊन बघितलं. पुसलं, थांबले, आणि आलं बोट खाली. क्षणभरच. पापणी लवली तर दिसायचं नाही.

कुठून आलं ते लगेच आठवलं. नोकरीचं पहिलंच वर्ष, लहान मुलांचा वॉर्ड, आठ महिन्यांचं बाळ. मी तीनदा सुई घातली आणि तिन्ही वेळा चुकले. बाळ रडून काळंनिळं झालं. त्याची आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून माझ्या बोटाला खात्री करून घ्यायची सवय लागली. शीर आहे ना गं तिथे? आहे. मग घाल. थोरात बाई तेव्हा निवृत्त झालेल्या होत्या. पेन्सिल मारायला कोणी नव्हतं.

आणि यंत्र? ते बिचारं प्रामाणिक. दोनशेच्या दोनशे वेळा बोट आलं, म्हणून त्याने ते माझं कौशल्य धरलं. माझ्या एकटीच्या हाताने सुजलेल्या शिरा इतरांच्यात लपून गेल्या, पंचवीस वर्षं मी सलाइन बनवणाऱ्यांना नावं ठेवत राहिले. चाळीस जणींच्या हातात मी शिरले तेव्हा कुठे ते दिसायला लागलं. त्या पोरीला मी म्हणाले होते, माझ्या हातात कधी असं झालं नाही. मला माझीच इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

बाहेर येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ कोटाचं बटण चाळवत बसले.

“मुलाखत होऊ दे,” शेवटी म्हणाले. “तीन वाजता सांग. पोरीचा निर्णय सोमवारी आहे, तिचं काही बिघडत नाही. तीन तासांनी काय फरक पडतो करुणा? किती वर्षं वाट बघितलीस तू!”

मला मोह झाला. खोटं कशाला सांगू? चांगला मिनिटभर मोह झाला.

“तीन तासांत चाळीस पोरी किती सलाइन लावतील?” मी म्हटलं.

त्यांनी खिशातून माझ्या निबंधाची प्रत काढली. “आणि या मशालीचं काय करायचं?”

“विझवा.”

आत गेले तर कुलकर्णी डॉक्टरांच्या हातात तोच निबंध. “या, आवळे सिस्टर. तुमचं व्यावसायिक ध्येय फारच ओजस्वी शब्दांत मांडलंय तुम्ही.”

“सर, तो मजकूर आमच्या मिस्टरांचा आहे. ते फ्लेक्स छापतात,” मी म्हटलं. “आणि शिरा पोरींमुळे सुजत नाहीत. माझ्यामुळे सुजतात.” मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि चित्रण लावलं.

तिघांनी बघितलं. पुन्हा बघितलं.

“आवळे सिस्टर!” गुळवणी बाईंचा चेहरा लाल झाला होता. “हे तुम्ही आज सांगताय?”

“आज सकाळपर्यंत मला माहीतच नव्हतं, बाई. शिकत होते तोवर थोरात बाई माझ्या हाताकडे बघायच्या. हात चांगला बसल्यावर सगळे घड्याळाकडे बघतात, पेशंटकडे बघतात, हाताकडे कोणी बघत नाही. मीसुद्धा नाही बघितलं. यंत्राने तेवढं बघितलं, पण त्याने नुसतं उतरवून घेतलं.”

कुलकर्णी डॉक्टरांनी चष्मा काढला. “ज्या हातावर ही नेमणूक व्हायची होती तोच चुकतो असं तुम्ही म्हणताय. कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय सर. तेवढं त्या मुजावर मुलीचा शेरा आजच काढा. आणि अकरा दवाखान्यांत फोन करा, आत्ता. माझी मुलाखत राहू द्या.”

बाहेर आले. आम्ही दोघं स्टेशनजवळ जाऊन दोन-दोन प्लेट भजी खाल्ली. मला रडू येत होतं आणि भूकही लागली होती.

त्याच दुपारी सगळीकडे फोन गेले आणि तबस्सुमचा शेरा खोडला. निनाद पळत आला, चेहरा पडलेला. ठशातला तेवढा तुकडा त्याने दहा मिनिटांत कापून टाकला. यंत्र सुधारलं. पण पोरी? बोटाची ती सवय आता यंत्रात नव्हती, चाळीस लहान मेंदूंत पाठ झालेली होती. नवा ठसा चालवून बघितला. बाही हातात होती तोवर बोट जागेवर राहायचं, बाही काढली की दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली.

“सिस्टर, बाही नवीन काही घालू शकते,” निनाद मान खाली घालून म्हणाला. “बसलेलं बाहेर काढायची विद्या आमच्याकडे नाही. त्याला कोणीतरी शेजारी उभं राहून, बोट खाली यायच्या आधी, दर वेळी अडवायला हवं. महिनोन्‌महिने.”

“मग अडवा की.”

“मला तर सुई बघूनच चक्कर येते.”

तीन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र आलं. ह्यांनी पाकीट फोडलं, वाचलं आणि एकदम मोठ्याने ओरडले. शेजारचे धावत आले, त्यांना वाटलं कोणी गेलं की काय! मला वाटतं, मी त्या दिवशी जेवढी हसले तेवढी लग्नातही हसले नसेन. गुळवणी बाईंनी खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती. ‘रकान्यात या वेळी तुमचे स्वतःचे शब्द लिहून पाठवा.’ मी चार शब्दांत आणखी भर घातली. ‘मला शिकवायला फार आवडतं. पोरींच्या हाताकडे बघत उभं राहायला आवडेल.’

पहिल्या तासाला चाळीसही जणी हजर होत्या. बाह्या कपाटात बंद. प्रत्येकीच्या बाकावर मी एकेक शिसपेन्सिल ठेवली होती.

“पोरींनो, तुमच्या हातात एक खोड बसली आहे ती माझी आहे,” मी म्हटलं. “मी तुमची काढणार आणि तुम्ही माझी काढायची. माझी पंचवीस वर्षांची आहे, जास्त चिवट आहे. आता मी सलाइन लावते. माझ्या तोंडाकडे कोणी बघायचं नाही. हाताकडे बघा. बोट खाली यायला लागलं की पेन्सिल आपटायची आणि ओरडायचं. लाजायचं नाही.”

“तुम्हाला ओरडायचं, सिस्टर?” मागून कोणीतरी विचारलं.

“मलाच.”

रबरी हातावर पट्टा बांधला. बोलत होते, मुद्दामच बोलत होते, कारण बोलताना हात आपल्या मनाचं करतो. शीर चाचपली, बोळा फिरवला, वाळायला थांबले. चाळीस पोरी माझ्या एका बोटाकडे बघत होत्या. आणि ते निघालं. मला कळलंच नाही, पण ते निघालं.

पहिल्या बाकावर टक्कन आवाज झाला.

“बाई, बोट!”

तबस्सुम होती. ओरडून झाल्यावर स्वतःच घाबरली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. माझं बोट जागेपासून दोन पेरं वर, हवेतच थांबलं होतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा थांबलं होतं ते. पण माझं लक्ष बोटाकडे नव्हतंच.

“परत म्हण,” मी म्हटलं.

“बोट,” ती हळूच म्हणाली.

“ते नाही गं. त्याच्या आधीचं.”